वर सरकवायची रीत

तो गुरुवार इतका साधा होता की पुढे कित्येक दिवस धाकटीला त्याचा रागच येत राहिला. दुसऱ्या दिवशी एवढं मोठं काही घडायचं होतं, तर आदल्या दिवसाने निदान कपाळाला आठी तरी घालायची. पण छे. दूध उतू गेलं नाही, काच तडकली नाही, मांजर आडवं गेलं नाही. बाबांनी नेहमीप्रमाणे अर्धा नाश्ता टाकला आणि आईने तो ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवला.

मग बाबा पलंगावर खाली घसरले. तेही रोजचंच. उजवं अंग गेल्यापासून पाठीमागे उशा रचून त्यांना कितीही नीट बसवलं तरी थोड्या वेळाने माणूस मेणासारखा वितळत पायथ्याकडे जायचा आणि हनुवटी छातीला टेकायची. ज्या वकिलाच्या आवाजाने म्हणे कोर्टाच्या छपरावरची कबुतरं उडायची, त्याच्याकडे आता तीनच शब्द शिल्लक होते: ‘हो’, ‘नको’ आणि ‘अगं’. त्यातला ‘अगं’ फक्त आईसाठी राखलेला.

“अगं.”

“आले, आले. साहेबांची स्वारी निघाली वाटतं उताराला!”

आई उशाकडच्या बाजूला गेली, मागून त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले, पाय फरशीवर रोवले आणि ओढलं. पलंग कुरकुरला. आईची मान लाल झाली. बाबा इंचभर वर आले. तिने श्वास घेतला, पुन्हा ओढलं.

धाकटी दारात उभी होती, हातातल्या पुस्तकात खुणेचं बोट घालून. तिच्या शेजारी वहिनी. ऑफिसला जाता जाता फळं द्यायला डोकावलेली, त्यामुळे पायात चपला तशाच.

“कुठवर आलं गं तुझं मानसशास्त्र?” वहिनीने विचारलं.

धाकटीने तोंड उघडायच्या आत पलंगाकडून आईचाच आवाज आला, धापांच्या मधून. “प्रबंधच राहिलाय आता. मोठं काम असतं ते.”

हे मानसशास्त्र नेमकं कुणी सुरू केलं, ते आता सांगता येणार नाही. प्रकाशनसंस्था बंद पडली, मुद्रितं तपासायचं धाकटीचं काम गेलं, बरेच दिवस ती नुसते अर्ज करत राहिली, आणि एका सकाळी आईला म्हणाली की एका कोर्सला नाव घातलंय. “कसला?” “माणसांची काळजी घेण्याचा.” आईने तिच्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे मानसशास्त्रासारखं.” धाकटी म्हणाली, “तसंच काहीसं.” एवढंच. दोघींनी मिळून मूठ झाकली, आणि ती झाकली मूठ नातेवाइकांत फिरता फिरता सव्वा लाखाची झाली.

खरं तर तो काळजी-सहायकाचा अभ्यासक्रम होता. शाळा पुरी केलेल्या कुणालाही प्रवेश. अंथरुणावरच्या माणसाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, चिडलेल्याचं मध्ये न बोलता ऐकून घेणं, आणि दिवसाखेर हे सगळं पुढच्या पाळीवाल्याला कळेल असं लिहून ठेवणं. वर्गात एक न्हावी होता, एका बसचालकाची बायको होती, बाकी शाळेतून नुकत्या सुटलेल्या मुली. आणि त्यांच्या मधोमध ही, चाळिशीला टेकलेली, तीन पिढ्यांच्या वकिली घराण्यातली, भिंती भरून पुस्तकं वाचलेली. पहिल्यांदा प्रात्यक्षिकाच्या पुतळ्याचं लंगोट तिने उलटं बांधलं तेव्हा त्या मुली खुदखुदल्या होत्या. मग ती शिकली. शिकता शिकता तिला ते काम आवडायला लागलं, आणि याची तिला कोर्सपेक्षाही जास्त लाज वाटली.

निळा गणवेश ती पिशवीत घालून न्यायची आणि तिथे गेल्यावर चढवायची. आई तो धुवायची. पण घरातले सगळे कपडे गॅलरीतल्या दोरीवर वाळत असताना तो एकटा न्हाणीघराच्या दारामागे, आतल्या खुंटीला वाळायचा. त्यावर दोघी कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

आणि नेमकं त्याच आठवड्यात वर्गात हाच धडा झाला होता. खाली घसरलेल्या माणसाला वर सरकवण्याचा. काखेत हात घालून ओढायचं नाही, कधीच नाही. लुळ्या बाजूचा खांदा सुटतो आणि ओढणाऱ्याचा जीव निघतो. “माणूस आहे, सोफा नाही,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या होत्या. उशा काढून त्याला सपाट करायचं. पाठीखाली दुमडलेली चादर घालायची. धड पाय गुडघ्यात मुडपायचा. दोन्ही बाजूंना दोघांनी उभं राहून चादर त्याच्या अंगालगत गच्च धरायची आणि आपलं वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं. माणूस पाण्यावरून सरकल्यासारखा सरकतो. धाकटीने ते पहिल्याच खेपेला इतकं नीट केलं की बाईंनी तिला सगळ्यांसमोर पुन्हा करायला लावलं होतं. न्हाव्याने टाळी वाजवली होती.

घरात आता दोघी धडधाकट बायका दारात रिकाम्या उभ्या होत्या. चादर पलंगावर होतीच.

वाक्य जिभेपर्यंत आलं. पण त्याला शेपूट होतं. वहिनी विचारणार, हे कुठे शिकलीस? बाबा ऐकणार. आणि प्रबंधाचं आत्ताच सांगून बसलेली आई सुनेदेखत खोटी पडणार.

“मी चहा टाकते,” धाकटी म्हणाली आणि वळली.

थोड्या वेळाने आई कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघरात आली. कप तोंडाला लावायच्या आधीच तिला हसू फुटलं. “लग्न ठरलं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, वकिलाच्या घरात पडतेयस पोरी, हा माणूस तुला वर नेईल. आता यावं म्हणावं बघायला, कोण कुणाला वर नेतंय!”

वहिनी खळखळून हसली. धाकटीही हसली.

*

शुक्रवारी ती वर्गात होती आणि फोन बाहेरच्या कपाटात. आई पलंगाच्या उशाशी पडली. बाबांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला पलंगाच्या कठड्यावर आपटत राहून खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला वर बोलावलं, पण तोवर उशीर झाला होता. हृदय, डॉक्टर म्हणाले. आतून थकलेलंच होतं. कधीही झालं असतं, झोपेतसुद्धा.

घरातल्या प्रत्येकाने डॉक्टरांच्या त्या ‘कधीही’ला घट्ट धरून ठेवलं. धाकटीला तो धरता येईना. आई झोपेत गेली नव्हती. बाबांच्या काखेत हात घालून गेली होती.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली तरी दादा आणि वहिनी इथेच मुक्कामाला राहिले होते, आणि बाबांचं सगळं वहिनीच करत होती. या वहिनीला धाकटी इतकी वर्षं मनातल्या मनात ‘इस्त्री’ म्हणत आली होती, कारण तिच्या कपड्यांना सुरकुती पडलेली कुणी पाहिली नव्हती. आता ती केस कसेतरी बांधून, आईचीच जागा घेऊन, आईसारखीच मागून बाबांना ओढायची. आणि धाकटी पायथ्याशी उभी राहून म्हणायची, “हळू हं, वहिनी.” रोज तिला वाटायचं, आज सांगावं. रोज सांगणं कालच्यापेक्षा जड व्हायचं. आज सांगितलं, तर काल का नाही सांगितलं? आणि काल नाही, तर त्या गुरुवारी?

तेराव्यानंतरच्या रविवारी दुपारी दादाने सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. सगळे म्हणजे तो, वहिनी, धाकटी आणि मावशी. मावशी ही आईची पाठची बहीण. टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी जोडून देण्यात तिचं आयुष्य गेलं, त्याची भरपाई म्हणून की काय, घरात ती कायम तोडून बोलायची. आतल्या खोलीचं दार बाबांना एकटं वाटू नये म्हणून उघडंच ठेवलं होतं.

“तर मुद्दा असा,” दादाने सुरुवात केली.

“झाला सुरू,” मावशी म्हणाली. “अरे, इथे न्यायाधीश नाहीत. सरळ बोल.”

“सरळच बोलतोय. उद्यापासून मला कोर्ट आहे. हिची रजा संपली. बाबांचं काय करायचं ते आज ठरवायला हवं.” त्याने धाकटीकडे पाहिलं. “आणि एक आधीच सांगून ठेवतो, मनीचं शिक्षण आता शेवटाला आलंय. उद्या तिचं काहीतरी महत्त्वाचं आहे विद्यापीठात. त्यात खंड पडता कामा नये.”

“का बरं? सुनेचं मनगट मोडलं तर चालतं?”

“मोडलं नाहीये, मावशी,” वहिनी पट्टी बांधलेला हात पदराआड घेत म्हणाली. “मुरगळलंय.”

“तेच ते. वकिलांच्या घरात शब्द मोजूनमापून वापरायचे, मनगटं गेली तरी.”

“मावशी, प्रत्येकाचं काम वेगळं असतं,” दादा म्हणाला. “मनी उद्या लोकांची मनं बरी करणार आहे. तिच्या हातात काय बादली द्यायची? असली कामं करणारी माणसं मिळतात बाहेर. त्याला कुठे शिक्षण लागतं? हातपाय लागतात.”

“तुझ्या आईला कुणी बाहेरचं दिलं नाहीस तेव्हा?”

“आईच नको म्हणायची!” दादाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “मी दहादा म्हटलं होतं तिला. विचार मनीला.”

“म्हणायचा दादा,” धाकटी म्हणाली. ते खरंच होतं. आणि त्याने आपली बाजू घेतली की तिला आतल्या आत मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, हेही खरं. दादाला बहिणीचा अभिमान होता. कोर्टात चहा पिताना तो चार वकिलांना तिच्या प्रबंधाचा विषयही सांगत असे. तो विषय त्याने स्वतःच तयार केला होता.

गप्प बसलं की झालं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. एखादी बाई कामाला ठेवतील. उद्या परीक्षा होईल, महिन्याभरात कुठेतरी दूरच्या गावी नोकरी मिळेल, आणि तिथे निळा गणवेश उजळ माथ्याने दोरीवर वाळत घालता येईल. तोंड उघडलं तर अब्रूही जाणार आणि वर या पलंगाला जन्माची बांधली जाणार. मूठ झाकलेली ठेवण्यात इतका फायदा याआधी कधीच नव्हता.

“मी अजून आठवडाभर रजा वाढवून बघते,” वहिनी हळूच म्हणाली. “पण खरं सांगू का, मला येत नाहीये ते. ताकदीचं नाही म्हणत मी. काहीतरी चुकतंय माझं. बाबा बोलत नाहीत, पण ओढलं की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. आणि काल त्यांचा उजवा हात उचलला तर… कसं सांगू? खांद्यापाशी खड्डा लागला बोटांना. आधी नव्हता.”

तो खड्डा धाकटीला ठाऊक होता. प्रशिक्षक बाईंनी फळ्यावर चित्र काढून दाखवला होता.

“वयाने होतं तसं,” दादा म्हणाला.

“तू डॉक्टर कधीपासून झालास?” मावशी म्हणाली.

इतक्यात आतून आवाज आला. “अगं.”

सगळे जागच्या जागी थांबले. आई गेल्यापासून तो शब्द कुणाचाच नव्हता, आणि हाक मारायला बाबांकडे दुसरा नव्हता. वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठली. “आले, बाबा.”

तिच्यामागे सगळेच आत गेले. बाबा घसरून पार खाली आले होते, मान वाकडी, डावा हात चादरीत रुतलेला. वहिनी उशाकडच्या बाजूला गेली, दुखऱ्या हाताची पट्टी आवळली आणि वाकून त्यांच्या काखेत हात घातला. बाबांनी डोळे मिटून घेतले. लहान मूल सुईच्या आधी मिटतं तसे.

“नका ओढू,” धाकटी म्हणाली.

आवाज इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली.

“वहिनी, हात काढा. दादा, तू त्या बाजूला ये. घड्याळ काढ मनगटावरचं, त्यांना लागेल. मावशी, ती जाडी चादर दे, उभी दुमडून.” मग ती पलंगाशी खाली बसली, बाबांचे आणि तिचे डोळे एका पातळीवर येईपर्यंत. “बाबा, मी उशा काढतेय. तुम्ही जरा आडवे व्हाल, घाबरू नका. आम्ही तुम्हाला चादरीवरून वर घेणार आहोत. डावा पाय मुडपून टाच रोवा. मी ‘आता’ म्हटलं की टाचेने ढकला. चालेल?”

“हो,” बाबा म्हणाले.

तिने त्यांना कुशीवर घेतलं, चादर सरकवली, पुन्हा उताणं केलं. लुळा हात अलगद उचलून त्यांच्या पोटावर ठेवला. “दादा, चादर अशी धर, त्यांच्या अंगाजवळ. पाठ नाही वाकवायची, गुडघे वाकव. ओढायचं नाहीये, नुसतं डुलायचं. आता.”

बाबा वर सरकले. पलंग कुरकुरलासुद्धा नाही.

तिने त्यांच्या पाठीशी उशा लावल्या, एक उशी गुडघ्यांखाली सारली म्हणजे पुन्हा घसरणार नाहीत, आणि एक लुळ्या हाताखाली. मग खांद्यावर बोटं ठेवली. खड्डा होता. “डॉक्टरांना दाखवायला हवा हा खांदा,” ती म्हणाली. “उद्याच.”

दादा स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. “अरे वा! वजनच नाही लागलं. मनी, हे पण असतं मानसशास्त्रात?”

‘हो, थोडंफार’ हे उत्तर तयारच होतं. इतके महिने अशीच उत्तरं देऊन जीभ गुळगुळीत झाली होती.

“नाही,” ती म्हणाली. “मानसशास्त्र नाहीच आहे. प्रबंध नाही, विद्यापीठ नाही. मी काळजी-सहायकाचा कोर्स करतेय. आंघोळ घालायची, भरवायचं, हे असं उचलायचं. उद्या त्याची परीक्षा आहे.”

“म्हणजे… आयाचा?”

“आयाचा म्हण.”

दादा भिंतीलगतच्या खुर्चीवर बसला. घड्याळ पुन्हा बांधत म्हणाला, “मला सांगायचंस तरी.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“काय करणार?” तो खरंच विचारात पडला. “निदान लोकांना सांगत सुटलो नसतो.”

“वाच्यता केली नसती, असं म्हणतोय तो,” मावशी म्हणाली, पण या खेपेला तिच्या बोलण्याला धार नव्हती. तिचा हिशेब दुसरीकडेच चालू होता. “बरं, मग आता प्रश्न कुठे उरला? घरचं माणूस, त्यातून शिकलेलं. बाहेरची कशाला हवी?”

दादाने मान वर केली. मावशीचा मुद्दा त्याला पटला होता, आणि तो पटायला मुळीच वेळ लागला नव्हता. बहिणीकडे बघताना त्याच्या नजरेतला अभिमान गेला होता आणि सुटकेचा भाव आला होता. दोन्हींपैकी जास्त काय लागलं, ते धाकटीला सांगता आलं नसतं.

“मी करीन बाबांचं,” ती म्हणाली. “पण उद्या परीक्षेला जाणार, आणि पास झाले तर नोकरीही करणार. ही रीत एकट्याची नाहीच. दुसरं माणूस लागतं, ते तुमच्यातलं व्हायला हवं. दादा, तूसुद्धा. मी शिकवीन.”

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबा धाकटीकडे बघत होते. त्यांनी ओठ हलवले, पण असलेल्या तीन शब्दांतला एकही कामाचा नसावा.

वहिनी अजून पलंगाशीच उभी होती. पट्टी सुटून लोंबत होती, ती तिने बांधली नाही.

“तुला येत होतं,” ती म्हणाली.

धाकटी पट्टी बांधायला पुढे झाली, तर वहिनीने हात मागे घेतला.

“इतके दिवस मी ओढतेय यांना. त्यांना दुखतंय, मला दुखतंय, खांदा निखळत चाललाय. आणि तू तिथे पायाशी उभी राहून मला ‘हळू हं, वहिनी’ म्हणत होतीस. तुला येत होतं.”

“हो.”

“अगं, जाऊ दे आता,” मावशी मध्ये पडली. “पोरीने सांगितलं ना एकदाचं…”

“नाही, मावशी, थांबा. मला एकच विचारायचंय.” वहिनीचा आवाज फाटला. “त्या गुरुवारी, मनी. आपण दोघी दारात होतो. आई ओढत होत्या, आणि मी तुला प्रबंधाचं विचारत होते. तेव्हाही येत होतं?”

“त्याच आठवड्यात शिकवलं होतं.”

“मग एक वाक्य बोलायचं होतंस गं! एकच. मी चपला काढून आले असते. दुसऱ्या बाजूला उभी राहिले असते मी.”

दादा म्हणाला, “डॉक्टरांनी सांगितलंय, ते कधीही…” आणि पुढचं त्यालाच बोलवेना.

धाकटीपाशी समर्थनं एकामागून एक हजर होत होती, घराणंच तसं होतं: आई खोटी पडली असती, आईलाही तेच हवं होतं, आईनेच तो गणवेश दारामागे टांगला. सगळी खरी होती. एकही तिला उचलून पुढे करवेना. बाबा तिच्याकडेच बघत होते. गुरुवारी आईच्या हातांखाली तेच होते. किती जोर लागत होता, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती उशाकडच्या बाजूला वळली, जिथे आई पाय रोवून उभी राहायची. तिथे आता नुसती भिंत होती. त्या भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, दारातून म्हणायचं राहिलं होतं ते ती म्हणाली.

“आई, थांब. अशी ओढू नकोस. मी हेच शिकतेय. सरक जरा, तुला दाखवते.”